ज्येष्ठतेची तारीख वेगळी, पेन्शनची सेवा वेगळी

प्रश्न : मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये लेफ्टनंट कर्नल आहे. घर नाशिक रोडला, नेमणूक सध्या राज्याबाहेर. फेब्रुवारी २००७ मध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळालं, पुढे पर्मनंट झालं. त्याआधीच माझं एमडी अ‍ॅनेस्थेशिया झालं होतं, निकालही लागला होता. तरी ज्येष्ठता ठरवताना त्याची अँटी-डेट, म्हणजे ज्येष्ठतेची मागे नेलेली तारीख, धरली नाही. माझ्याबरोबरचे एमडी माझ्याआधी लेफ्टनंट कर्नल झाले आणि कर्नलच्या सिलेक्शन बोर्डाला माझं नाव मागून आलेल्या बॅचबरोबर लागतंय. २०१६ मध्ये अर्ज दिला, उत्तर आलं नाही. २०२१ मध्ये स्मरणपत्र दिलं, त्याचंही तेच. दुसरं गाऱ्हाणं असं, की २०२० मध्ये अपघातानंतर साडेसहा महिने मी रुग्णालयात आणि सिक लीव्हवर होतो. तो काळ पेन्शनच्या सेवेत धरलेला नाही, असं आता कळतंय. बोर्डात जमलं नाही तर वीस वर्षं भरताच निवृत्ती घेऊन नाशिकला प्रॅक्टिस करावी म्हणतो. इथल्या कोर्टात दावा लावता येईल का? तक्रारीचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर : डॉक्टरसाहेब, शेवटचा प्रश्न आधी उरकतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात हा दावा चालणार नाही. सैन्यातल्या नोकरीविषयक वादांसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं आणि त्याच कायद्याच्या कलम ३३ ने अशा वादांना दिवाणी न्यायालयाचं दार बंद झालं. ‘कॅट’चाही (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा) उपयोग नाही, तिथे सैन्यदलातल्यांची प्रकरणं घेत नाहीत. न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा आहे. पण घर नाशिकला आहे म्हणून मुंबईत अर्ज करायची मुभा निवृत्तांना आहे. सेवेतल्या अधिकाऱ्याने नेमणुकीच्या ठिकाणच्या किंवा वादाचं कारण जिथे घडलं तिथल्या खंडपीठापुढे जायचं असतं. तुमचा पगार पुण्याच्या पीसीडीए (ऑफिसर्स) या लष्करी लेखा कार्यालयाकडून निघतो, त्यामुळे पगारापुरतं मुंबईचं अधिकारक्षेत्र मांडून बघता येईल. ज्येष्ठतेबाबत तो युक्तिवाद मला कच्चा वाटतो.

आता मसुद्याकडे येतो. तुम्ही ज्येष्ठतेची तारीख आणि ते साडेसहा महिने एकाच परिच्छेदात घालून ‘सबब माझे रेकॉर्ड दुरुस्त करण्यात यावे’ अशी एकच मागणी केली आहे. तसं करू नका. ही दोन गाऱ्हाणी कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या जातीची आहेत आणि एकात घातली तर बळकट गाऱ्हाणं कमकुवत गाऱ्हाण्याबरोबर बुडेल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग या प्रकरणात, तेही एका सैनिकाच्याच पेन्शनच्या वादात, हा फरक स्पष्ट केला आहे. पगार किंवा पेन्शनची आकारणी चुकली असेल तर नुकसान दर महिन्याला नव्याने होत राहतं आणि दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. म्हणून उशीर झाला तरी दाद मिळते, फक्त थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती. ज्येष्ठता आणि बढतीचं तसं नाही. तिथे तुम्ही वर सरकलात की कुणीतरी खाली सरकतो. त्यामुळे वर्षानुवर्षं गप्प बसलेल्याची मागणी शिळी ठरते.

म्हणून आधी साडेसहा महिने. हा भाग बळकट आहे आणि निकडीचाही.

कमिशन्ड अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी, सेवा लागते. तुमच्या हिशेबाने ती फेब्रुवारी २०२७ मध्ये भरते. रेकॉर्डच्या हिशेबाने ऑगस्ट उजाडणार. तुम्ही मार्चमध्ये बाहेर पडलात आणि तोवर रेकॉर्ड तसंच राहिलं, तर हाती ग्रॅच्युइटी येईल, पेन्शन नाही. वीस वर्षं भरलेली आहेत हे लेखी हाती आल्याशिवाय वेळेआधी निवृत्तीचा अर्ज टाकू नका. ‘होऊन जाईल सर’ असं फोनवर कुणी सांगितलं, तर त्याला लेखीचा दर्जा नाही.

हा काळ गळला कसा असेल? तुम्ही रुग्णालयात दाखल झालात, तिथून सिक लीव्हवर गेलात, परत रुजू झालात. या प्रत्येक घटनेची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेतल्या नोंदीचा लेखी आदेश, युनिटने काढायची असते. तिच्यावरून लेखा कार्यालय आणि रेकॉर्ड आपापल्या नोंदी करतात. ऑर्डर निघाली नाही की तो काळ ना ड्युटीत ना रजेत. अनधिकृत गैरहजेरी पेन्शनला धरत नाहीत, मात्र त्या काळाचं वेतन मंजूर झालेलं असेल तर गोष्ट बदलते. म्हणून पहिलं काम हे, की २०२० मधल्या त्या महिन्यांची पगारपत्रकं काढा. पगार जमा झाला असेल, नंतर वसूलही झाला नसेल, तर सरकारने स्वतःच तुम्हाला हजर किंवा रजेवर मानलं होतं. त्याच सरकारने आता पेन्शनपुरतं गैरहजर म्हणायचं, हे टिकणार नाही. त्याला दाखल झाल्याची आणि डिस्चार्जची स्लिप, सिक लीव्हची शिफारस आणि मेडिकल बोर्डाचे कागद जोडा. अपघाताचा इंज्युरी रिपोर्ट झाला होता का, तेही बघा. झाला नसेल तर तो वेगळा विषय आहे, या तक्रारीत ओढू नका.

हे सगळं जोडून सध्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे उशिराची पार्ट टू ऑर्डर काढून घेण्याचा साधा अर्ज करा. त्यात कुणावर ठपका नको, कायद्याची कलमंही नकोत. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात आणि वकिलाची फी वाचते, हे मी वकील असूनही सांगतो. जोडीला माहिती अधिकारात स्वतःच्या सेवेचा तपशील आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती मागा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. लष्कर या कायद्यातून वगळलेलं नाही, आणि स्वतःचीच नोंद मागणाऱ्याला गोपनीयतेचं कारण देऊन परत पाठवणंही सोपं नाही.

आता अँटी-डेट. इथे जरा सावकाश वाचा.

कमिशनच्या दिवशी हातात असलेल्या पदव्युत्तर पात्रतेसाठी ज्येष्ठतेची तारीख मागे नेतात. किती महिने, हे त्या वेळी लागू असलेल्या आर्मी इन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे लष्कराच्या सेवाविषयक आदेशात, असतं. आजचा तक्ता तुमच्या कामाचा नाही, २००७ चा हवा. तुमच्या कागदांत मला जी गडबड दिसते ती अशी : तुम्ही पुरावा म्हणून पदवी प्रमाणपत्र जोडलंय आणि त्यावर तारीख आहे दीक्षान्त समारंभाची, म्हणजे कमिशननंतरची. ज्याने फाइल बघितली त्याला वाटलं असणार, की डॉक्टर एमडी झाले ते सैन्यात आल्यावर. दुसरा कागद नसेल तर त्याने वेगळं काय समजावं? निकाल जाहीर झाल्याची तारीख दाखवणारा कागद हवा, आणि तो आपल्याच गावात मिळतो. तुमची परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. घरच्यांपैकी कुणालातरी अधिकारपत्र देऊन दिंडोरी रोडला म्हसरूळच्या कार्यालयात पाठवा. निकालाच्या तारखेसह उत्तीर्ण झाल्याचा दाखला मागून घ्या. गुणपत्रिकेची झेरॉक्स पुढे करू नका. सही-शिक्क्याचा दाखला आणि आवक-जावक क्रमांकाचं पत्र असं दोन्ही हवं. ज्या कॉलेजातून एमडी केलं तिथून टर्म पूर्ण केल्याचा दाखलाही घ्या. भारताच्या राजपत्राच्या भाग १, कलम ४ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका आणि बढत्या छापून येतात. त्यातली तुमच्या कमिशनची अधिसूचना शोधा आणि तिच्यातली ज्येष्ठतेची तारीख दाखल्याशेजारी ठेवा.

पुरावा असा पक्का झाला तरी उशिराचं काय? २०१६ च्या अर्जाला सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जायला हवं होतं. ती मुदत २०१७ मध्येच संपली. २०२१ च्या स्मरणपत्राने ती परत जिवंत होत नाही. एस. एस. राठोर प्रकरणात १९८९ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने आणि २००८ साली सी. जेकब प्रकरणात पुन्हा, सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २२ मध्ये विलंब माफीची सोय आहे, पण मसुद्यात तुम्ही दिलेलं ‘कामाचा व्याप’ हे कारण काढून टाका. त्या वर्षांतल्या फील्ड पोस्टिंगच्या तारखा, अपघात आणि २०२० चा काळ, हे लिहा.

तरीही मला यात एक वाट दिसते. लेफ्टनंट कर्नलपर्यंतचा हुद्दा ठरावीक सेवा झाली की मिळतो, त्यासाठी जागा रिकामी व्हावी लागत नाही. म्हणजे तुमची लेफ्टनंट कर्नलची तारीख मागे गेली तर कुणाची खुर्ची जात नाही, फक्त वेतननिश्चिती बदलते. आणि फरक बारीक नाही : सातव्या वेतन आयोगात मेजरची लेव्हल ११ सुरू होते ६९,४०० रुपयांवर, लेफ्टनंट कर्नलची १२अ सुरू होते १,२१,२०० वर, शिवाय डॉक्टर म्हणून एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता) त्याच मूळ वेतनावर. एकदा मागे राहिलेली वेतनवाढ शेवटच्या पगारापर्यंत मागेच राहते आणि पेन्शन त्या पगारावर निघते. चुकीच्या वेतननिश्चितीचं कारण दर महिन्याला नव्याने जन्मतं, हे एम. आर. गुप्ता प्रकरणात १९९५ मध्येच ठरलंय. तेव्हा ‘लेफ्टनंट कर्नलची तारीख वेतनासाठी दुरुस्त करा’ ही मागणी पहिली आणि स्वतंत्र ठेवा. ‘त्या तारखेनुसार कर्नलच्या बोर्डासाठी मूळ बॅचबरोबर माझा विचार करा’ ही त्याखाली, पर्यायी म्हणून. दुसरीमध्ये ज्यांच्या वर तुम्हाला जायचंय त्यांच्यापैकी काहींना प्रतिनिधी म्हणून पक्षकार करावं लागेल. बॅचमेट्सना नोटीस जाईल, याची मनाची तयारी ठेवा. खरं सांगायचं तर ही दुसरी मागणी जिंकण्याची आशा मला कमी वाटते.

एक गृहीत मात्र सोडा. अँटी-डेट मिळाली की तेवढे महिने वीस वर्षांतही मोजले जातील, असं मसुद्यात धरलंय. ज्येष्ठता मागे नेणं आणि पेन्शनची सेवा वाढवणं ही दोन कामं आहेत. पेन्शनसाठी मोजण्याचे स्पष्ट शब्द इन्स्ट्रक्शनमध्ये सापडले तरच ते मागा.

तुमच्यासारख्याच कुणाला न्यायाधिकरणाने हीच दुरुस्ती दिलेली असेल तर तो निकाल जरूर जोडा. डिसेंबर २०२४ मध्ये आर्मी डेंटल कोअरच्या लेफ्टनंट कर्नल सुप्रिता चंदेल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की एकाला मिळालेला न्याय त्याच परिस्थितीतल्या दुसऱ्याला कोर्टाची पायरी न चढवता द्यायला हवा.

क्रम असा. पार्ट टू ऑर्डरचा अर्ज लगेच द्या. ज्येष्ठता आणि वेतनासाठी आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २७ खाली केंद्र सरकारकडे वैधानिक तक्रार, कमांडिंग ऑफिसरमार्फत, पोच घेऊन. ही पायरी गाळून न्यायाधिकरणात गेलात तर न्यायाधिकरणाच्या कायद्याचं कलम २१ दाखवून परत पाठवतील. उत्तर आलं तर त्या तारखेपासून सहा महिने, नाही आलं तर सहा महिने थांबून त्यापुढचे सहा. या वेळी तारीख डायरीत लिहून ठेवा. न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला तर २०२३ च्या परशोतम दास निकालानंतर उच्च न्यायालयात रिट करता येते. त्याआधीची काही वर्षं ती वाट जवळपास बंद होती. आणि प्रकरण चालू असताना त्याबद्दल वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहू नका. तुमचं नाव आणि युनिट आम्हीही याच कारणाने छापलेलं नाही.

निवृत्तीबद्दल शेवटचं. एकीकडे कर्नलच्या बोर्डासाठी भांडायचं आणि दुसरीकडे बाहेर पडायचा अर्ज द्यायचा, हे दोन कागद समोरच्या वकिलाने एकाशेजारी एक ठेवले की तुमची बाजू लंगडी पडते. काय हवंय ते आधी घरी बसून ठरवा. ठरवताना हेही धरा, की १ जुलै २०१४ नंतर वेळेआधी स्वेच्छेने निवृत्त झालेल्यांना सरकारने समान हुद्दा समान पेन्शनच्या फेरआकारणीतून बाहेर ठेवलंय. त्यावर खटले झाले आहेत, पण त्यांच्या भरवशावर प्रॅक्टिसच्या गाळ्याचं डिपॉझिट भरू नका. विद्यापीठाचा दाखला आणि २०२० ची पगारपत्रकं हाती आली की मला पाठवा, मसुदा दोन भागांत पाडून देतो.