‘फक्त’ लाइट्स करणारा मुलगा

जुलै संपत आला की समुपदेशक म्हणून मला येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. ‘मॅडम, मुलगा रात्री साडेअकराच्या आत घरी येत नाही.’ ‘शनिवार-रविवार तर तोंडसुद्धा दिसत नाही.’ ‘हे नाटकाचं खूळ उतरतं का हो कधी?’ पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सुरू झालेल्या असतात. महाराष्ट्रीय कलोपासक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३पासून घेतं आहे. त्यामुळे फोन करणाऱ्या आईवडिलांपैकी काहीजण स्वतःच कधीकाळी भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ ओरडून घसा बसवून आलेले असतात. तरी काळजी तीच, आणि ती खरीच असते. परीक्षा, हजेरी, जागरणं, रात्रीच्या दुचाक्या, हे काही मनाचे खेळ नाहीत.

या सगळ्या तक्रारींच्या शेवटी मात्र एक वाक्य बहुतेक वेळा येतं, आवाज थोडा खाली आणून. ‘आणि इतकं करून स्टेजवर दिसतही नाही हो तो.’

हे वाक्य मी अठरा वर्षं ऐकते आहे. आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, आणि त्यासाठी ओंकारची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी आहे.

ओंकार बार्शीकडचा. वडील वीज कंपनीत वायरमन, आई घरी शिवणकाम करते. तो पुण्यात कॉट बेसिसवर राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय फिजिक्स, मागच्या वर्षाचे दोन पेपर राहिलेले. दिवाळीनंतर त्याच्या एका प्राध्यापकांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. तक्रार एवढीच, की झोप लागत नाही. पहिल्या दोन भेटी त्यानं झोपेवरच काढल्या. मी घाई केली नाही. मुलं खरी गोष्ट सांगण्याआधी आपल्याला चाचपून बघतात, आणि त्यांना तो हक्क आहे.

तिसऱ्या भेटीत म्हणाला, “घरी सांगितलंय की एकांकिकेत माझी भूमिका आहे.”

“कुठली?”

“मोठ्या भावाची.”

“कधीपासून सांगतोयस?”

“जूनपासून.” मग खाली बघून, “दिवाळीत आईला त्याचे संवाद म्हणून दाखवले. पाठच होते. ती रडली.”

ओंकार त्या एकांकिकेची प्रकाशयोजना करत होता. सलग तिसरं वर्ष. आता डिसेंबरात गॅदरिंगला त्याच एकांकिकेचा प्रयोग होणार होता, रविवारी, कॉलेजच्या सभागृहात. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, रजा टाकली होती. आईनं नवी साडी काढून ठेवली होती. झोप कशी लागणार?

मी त्याला खोटं का बोललास हे विचारलं नाही. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असणार, आणि तयार उत्तरातून फारसं काही निघत नाही. मी म्हटलं, “गेला शनिवार-रविवार सांग. उठल्यापासून.”

शनिवारी सकाळी प्रॅक्टिकल. मग वडापाव खात बोहरी आळी, तिथून वायर, पिना, इन्सुलेशन टेप. दुपारी नेपथ्यासाठी सुताराकडून एक लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा लाकडी चौथरा, आणायची होती. टेम्पोचे पैसे नव्हते, म्हणून चौघांनी ती धरून चालत आणली. संध्याकाळी तालीम, साडेदहाला दिग्दर्शकाच्या नोट्स, अमृततुल्यवर चहा. झोपायचं सोडून पहाटे साडेतीनला दुचाक्यांवर आतकरवाडी, आणि अंधारातच सिंहगड चढायला सुरुवात. वर पिठलं-भाकरी, दही. परत येताना जुन्या बाजारात, कारण तो बुधवारी आणि रविवारी भरतो आणि नाटकाला एक काळा डायलचा फोन हवा होता. तीनशे सांगितला, एकशे चाळीसला मिळाला. रविवारी दुपारपासून पुन्हा तालीम.

हे सगळं तो अगदी सपाट आवाजात सांगत होता. “मी फक्त वायरी आणल्या.” “मी फक्त लेव्हलची एक बाजू धरली.” “मी तर फक्त लाइट्सवाला.” एका ठिकाणी मात्र आवाज बदलला. गडावर बाकीचे फोटो काढत होते तेव्हा तू काय करत होतास, असं मी विचारलं होतं.

“मी मोजत होतो.”

“काय?”

“उजाडायला किती वेळ लागतो ते. खडकवासल्याचं पाणी आधी राखाडी असतं, मग निळसर होतं, मग एकदम एका बाजूनं तांबूस. मध्ये एक वेळ अशी येते मॅडम, की सावलीच नसते कशाला. आमच्या नाटकात शेवटी सकाळ होते ना, तिथं मी सरळ पिवळा आणत होतो. चुकत होतं ते. आधी सावल्या घालवायला पाहिजेत.” आणि लगेच, “म्हणजे फक्त चाळीस सेकंदांचा क्यू आहे तो.” क्यू म्हणजे ठरल्या क्षणी करायचा प्रकाशाचा बदल.

मी वहीत रेघा ओढत होते. तो कागद त्याच्यापुढे सरकवला.

“या कसल्या रेघा?”

“तू ‘फक्त’ म्हणालास त्या प्रत्येक वेळेची एक.”

चौदा होत्या. तो ओशाळला.

“आता एक वाक्य ‘फक्त’ काढून म्हण. मी लाइट्स करतो.”

“मी लाइट्स करतो.” थांबला. “असं म्हटलं की खोटं वाटतं मॅडम. उगाच मोठेपणा केल्यासारखं.”

“मोठ्या भावाची भूमिका करतो, हे खोटं सहा महिने घडाघडा बोललास. हे खरं आहे, तर जीभ अडतेय.”

बराच वेळ तो नखानं टेबलाची कड खरवडत राहिला. मग म्हणाला, “पुढं दिसलं तरच काहीतरी केलं, असं बसलंय माझ्या डोक्यात. गेल्या वर्षी पेपरात आमच्या ग्रुपचा फोटो आला होता. अण्णांनी तो बघून विचारलं.”

“त्यांचे शब्द सांग. जसेच्या तसे.”

“यात तू कुठं दिसत नाहीस.”

“आणि तू काय ऐकलंस?”

उत्तर यायला वेळ लागला. “तू कुठंच नाहीस.”

हा क्षण मी आजवर विसरलेले नाही. ‘यात तू दिसत नाहीस’ आणि ‘तू कुठंच नाहीस’ या दोन वाक्यांमधलं अंतर अण्णांनी कापलेलं नव्हतं, ओंकारनं कापलं होतं. माझी सगळी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे, आणि ती मला पुन्हा पुन्हा इथेच आणून सोडते. एखाद्या प्रश्नानं आपली झोप उडत नाही. त्या प्रश्नाचं आपण मनात जे करून घेतो, त्यानं उडते. त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती मी नंतर कितीतरी मुलांच्या बाबतीत वापरली. ‘फक्त’ हा शब्द नम्र दिसतो, पण त्याच्यामागे एक हट्टी ‘च’ उभा असतो. ‘मी फक्त मागे असतो’ असं जो म्हणतो, त्याचं आतलं वाक्य ‘मी पुढेच असायला हवं’ हे असतं. ‘फक्त’ ऐकू आला की मी आता ‘च’ शोधते.

इथे एक गोष्ट मी जाणूनबुजून केली नाही. ‘अरे, तुझं काम किती महत्त्वाचं आहे, तुझ्याशिवाय नाटक अंधारात’, असं मी त्याला म्हटलं नाही. आईवडील आणि मित्र हे प्रेमानं म्हणतात, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतंही. पण मग मुलाची किंमत त्या कामाला टांगली जाते. पुढच्या तालमीत ओंकारचा ब्लॅकआउट चार सेकंद उशिरा आला. अंधार व्हायच्या आत मेलेलं पात्र उठून चालायला लागलेलं सगळ्यांना दिसलं. त्या आठवड्यात तो पडेल चेहऱ्यानं आला. मी त्याची किंमत लाइट्सवर ठरवून ठेवली असती तर तो पुन्हा शून्यावर गेला असता. त्याऐवजी आम्ही एवढंच बोललो: क्यू चुकला, तो का चुकला, संहितेत खूण कुठे करायला हवी होती. चूक क्यूची होती. ती तिथेच ठेवायला त्याला दोन-तीन आठवडे लागले, पण जमलं.

मग प्रश्न उरला घरी सांगण्याचा. माझ्या खोलीत त्यानं तो फोन चार वेळा ‘वाचला’, नाटकातला उतारा वाचतात तसा. पहिल्या वेळी त्यात सात कारणं होती. चौथ्या वेळी तीन वाक्यं उरली. ‘अण्णा, माझी भूमिका नाही. मी लाइट्स करतो. जूनपासून खोटं सांगितलं.’ त्यानं खरंच फोन केला, एका गुरुवारी. आई म्हणाली, “मग ते भाषण कशाला पाठ केलंस रे?” अण्णा म्हणाले, “बरं,” आणि फोन ठेवला.

पालकांना इथे थोडं थांबवून काही सांगायचं आहे. मूल नाटकाबद्दल घरी खोटं बोलतं तेव्हा ते नेहमी बाहेरचं काहीतरी लपवत असतंच असं नाही. पुष्कळदा ते स्वतःबद्दलचा आपलाच निकाल लपवत असतं. म्हणून चौकशी करताना ‘कुठे दिसणार आहेस?’ विचारण्यापेक्षा ‘तुझ्याकडे काय काम आहे?’ असं विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. एका एकांकिकेमागे लाइट्स, संगीत, नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा, नाटकात लागणाऱ्या वस्तू असा मोठा कारखाना असतो. तिथे पैशांचा हिशेब ठेवायला, वेळ पाळायला आणि उसनी आणलेली वस्तू परत करायला मुलं शिकतात. हे तुम्हाला कौतुकासाठी नाही, माहितीसाठी ठाऊक असू द्या.

शनिवार-रविवारच्या भटकंतीसाठी प्रत्येक वेळी परवानगी मागायला लावलीत तर परवानग्या खोट्या होत जातात, हे मी शेकडो घरांत पाहिलं आहे. त्यापेक्षा तीन गोष्टी ठरवून घ्या. कुठे जातोय, सोबत कोण, परत कधी. रात्र जागून दुचाकी चालवायची नाही, हा नियम मात्र वाटाघाटीचा नाही. ओंकारच्या त्या साडेतीनच्या सिंहगडाबद्दल मी त्याला स्पष्ट नाराजी सांगितली होती. अभ्यासाचं म्हणाल, तर तालमीचं वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी परीक्षेच्या तारखा शेजारी लिहायला बसा, एकत्र. हजेरी किती भरली, हे महिन्यातून एकदा बघा, रोज नको. ‘नाटक की अभ्यास’ हा प्रश्न मी पालकांना टाकू देत नाही. त्या प्रश्नाला मूल जे उत्तर देतं ते त्या दिवशीच्या रागाचं असतं.

आणि काळजी खरंच कधी करायची? मूल तालमीला जातं म्हणून नाही. ज्या तालमीसाठी ते जेवण सोडत होतं तिथेही जाणं त्यानं बंद केलं, आठवडेच्या आठवडे झोप नाही, खाणं तुटलं, ‘मी नसलो तरी कोणाचं काय अडतंय’ अशी भाषा यायला लागली, तर वाट बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. त्या वेळी माझ्यासारखीच्या गप्पा पुरत नाहीत.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अण्णा माझ्याकडे आले. मी बोलावलं नव्हतं, ओंकारबरोबर आपणहून आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

“खोटं बोलला, याचं वाईट वाटलं मॅडम. लाइटीचं काम करतो याचं कशाला वाटंल? मी काय करतो मग?”

ओंकारनं मान वर केली. मी काहीतरी बोलणार होते. चांगलं, समर्पक वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, आणि ते मी गिळलं. त्या दिवशीचं माझं सगळ्यात कसबी काम तेच, असं मला आजही वाटतं.

कारण अण्णा पुढे म्हणाले, “किती वॅटचे दिवे लावता तुम्ही?”

“हजारचे आहेत अण्णा. बारा.”

“बारा? आन लोड कोण काढतं?”

“मीच काढतो.”

“सॉकेट पंधरा अँपिअरचं हाय का?”

“हो. एकावर तीनच लावतो. चौथा लावला की सतराच्या वर जातं.”

“बरोबर,” अण्णा म्हणाले. “आर्थिंग तपासतोस?”

पुढची वीस मिनिटं माझ्या खोलीत डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र), फ्यूज, वायरची जाडी आणि दिव्यापुढचा रंगीत जिलेटिन पेपर गरम होऊन का वितळतो, यापलीकडे काहीही बोललं गेलं नाही. ओंकारनं माझ्याच कागदाच्या मागच्या बाजूला बारा दिव्यांची आकृती काढून दाखवली. ज्या कागदावर चौदा रेघा होत्या, तोच. मी कान देऊन ऐकत होते. त्या वीस मिनिटांत ‘फक्त’ एकदाही आला नाही.

रविवारी अण्णा प्रेक्षकांत बसलेच नाहीत. आईला पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः मागे लाइट्सच्या टेबलाशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. हे मला ओंकारनं नंतर सांगितलं. आईचं म्हणणंही सांगितलं. तिला गोष्ट नीटशी कळली नव्हती, मोठा भाऊ झालेला मुलगाही फारसा आवडला नव्हता. “तुझं भाषण बरं होतं त्याच्यापेक्षा,” म्हणाली. “पण ते शेवटी उजाडलं ना रे, तेव्हा मला वाटलं खरंच सकाळ झाली. मी पदर सावरला.”

दोन राहिलेल्या पेपरांपैकी एक सुटला, एक अजून आहे. २५ जानेवारीच्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा रात्रभर चालते, ती बघायला ओंकार मित्रांबरोबर ट्रेननं मुंबईला गेला. जाताना घरी कळवलं. कुठे, कोण, परत कधी. अण्णांचं उत्तर त्यानं मला दाखवलं. तिथला डिमर बघून ये, एवढंच लिहिलं होतं.