अंगभूत सप्रेसरची .२२ रायफल घ्यावी की साधी रायफल आणि वेगळा सप्रेसर?

तुमच्या प्रश्नातल्या कामाच्या गोष्टी अशा: राहायला टेक्सासमध्ये, रायफल .२२ एलआरची, वापर कागदी लक्ष्यं आणि खारींच्या शिकारीसाठी, हा आयुष्यातला पहिलाच सप्रेसर (गोळीचा आवाज दाबणारं, नळीच्या पुढे बसणारं नळकांडं), आणि दुकानदार म्हणतोय की अंगभूतच घ्या, एकाच स्टॅम्पमध्ये, म्हणजे एकाच सरकारी कर-नोंदणीत, काम होतं. माझं मत उलट आहे. पहिली खरेदी असेल तर नळीच्या तोंडाला थ्रेड (आटे) असलेली साधी रायफल घ्या आणि सप्रेसर वेगळा. अंगभूत रायफल दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीत शोभते.

आधी तो स्टॅम्पचा मुद्दा. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टप्रमाणे सप्रेसर आणि १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल, दोन्हींची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि दोन्हींवर २०० डॉलर कर होता. यावर उत्पादकांनी काढलेली वाट म्हणजे नऊ-दहा इंची नळी घ्यायची आणि सप्रेसरचं नळकांडं तिला कायमचं जोडून एकूण लांबी १६ इंचांच्या वर न्यायची. ‘कायमचं’ म्हणजे वेल्डिंग करून, ११०० अंश फॅरनहाइटला वितळणाऱ्या चांदीच्या डाखाने, किंवा आडवी पिन ठोकून तिचं डोकं वेल्ड करून. असं केलं की ती आखूड नळीची रायफल धरली जात नाही आणि फक्त सप्रेसरचा कर उरतो. पण १ जानेवारी २०२६ पासून दोन्हींवरचा कर शून्य झालाय. फॉर्म ४ (मालकी हस्तांतराचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो आणि एटीएफ या शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याची मंजुरी हे सगळं कायम आहे, अंगभूत रायफलीने टळतात ते फक्त एका जादा नोंदणीचे कागद. एक फायदा अजून खरा आहे: आखूड नळीची रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर एटीएफची आगाऊ परवानगी लागते, सप्रेसरसाठी ती लागत नाही. पण तुम्ही १६ इंची थ्रेडेड रायफल घेतलीत तर हा प्रश्नच येत नाही. फक्त सप्रेसर लावल्यावर ती पाच-सहा इंच लांब होते, एवढंच.

आता खरा मुद्दा: नळीला आतून छिद्रं आहेत की नाहीत? खरेदीचा निर्णय निम्मा इथेच होतो, आणि दुकानात याविषयी कोणी आपणहून बोलत नाही.

काही अंगभूत रायफलींत नळीला बारीक छिद्रं पाडलेली असतात. गोळी पुढे सरकत असतानाच वायू त्यांतून सप्रेसरमध्ये सुटतो आणि गोळीचा वेग घटतो. एमपी५एसडी या अंगभूत सप्रेसरवाल्या सबमशीनगनच्या नळीला अशी ३० छिद्रं आहेत, त्यामुळे ९ मिमीचं साधं काडतूसही ध्वनीच्या वेगाखाली येतं. .२२ मध्ये हाच हिशोब: २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ११२५ फूट प्रति सेकंद असतो, आणि स्वस्तातलं हाय व्हेलॉसिटी काडतूस १२०० ते १२५० ने सुटतं. छिद्रांमुळे ते मर्यादेखाली आलं की ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला चाबकासारखा कडाका बंद होतो. ऐकायला छान वाटतं. पण स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस मुळातच १०७० च्या आसपास असतं. ते अशा नळीतून आणखी मंदावतं, गोळी लवकर खाली येते, आणि सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलचा बोल्ट पुरेसा मागे न जाता काडतुसाचं रिकामं आवरण अडकू शकतं. शिवाय .२२ ची गोळी मऊ शिशाची. छिद्रांच्या कडांवर शिसं खरवडलं जातं आणि छिद्रं हळूहळू बुजत जातात. म्हणजे सुटणारा वायू कमी झाला, गोळीचा वेग पुन्हा वाढला, आणि कालपर्यंत शांत असलेलं काडतूस मधूनच कडाडायला लागलं. दोष काडतुसाच्या डब्यावर ढकलला जातो, पण असतो तो नळीत.

वेगळा सप्रेसर आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस ही जोडी हेच काम छिद्रांशिवाय करते. फक्त कडाक्याच्या थंडीत सांभाळा: शून्य अंशाला ध्वनीचा वेग १०८७ वर येतो, त्यामुळे १०७० चं काडतूस अगदी काठावर असतं. त्या दिवसांत खास सबसॉनिक (ध्वनीपेक्षा मंद) काडतूस वापरा.

दुसरी कटकट साफसफाईची. .२२ इतकं शिसं आणि काजळी दुसरं क्वचितच काही सोडतं. दर ५०० गोळ्यांमागे आतली बॅफल्स (वायू अडवणाऱ्या चकत्या) काढून पुसली तर ती निघतात. हजार-दोन हजारांपर्यंत ढकललं तर बॅफल्सचा गाभा नळकांड्यात असा बसतो की हातोडी घ्यावीशी वाटते, आणि तिथेच तो वाकतो. अंगभूत रायफलीत नळकांडं हलत नाही, गाभा पुढूनच बाहेर यायला हवा. तो येत नसेल तर ती .२२ रायफल घेऊच नका. छिद्रांच्या नळीत सफाईचं द्रावण छिद्रांवाटे सप्रेसरमध्ये उतरतं, म्हणून साफ केल्यावर तोंड खाली करून निथळू द्यावं लागतं. आणि व्हिनेगर-हायड्रोजन पेरॉक्साइडच्या घरगुती मिश्रणाच्या नादी लागू नका. त्यातून विषारी लेड अॅसिटेट तयार होतं, अॅल्युमिनियमचे भागही खराब होतात. हातमोजे मात्र एरवीही घालाच.

बिघाड झाला तर? बॅफलला गोळी घासली, तर सुटं बॅफल आणून बसवता येत नाही, कारण कायद्याने सप्रेसरचा सुटा भागही सप्रेसरच. काम परवानाधारक उत्पादकाकडेच जातं. वेगळा सप्रेसर दुरुस्तीला गेला तरी रायफल तुमच्या हातात राहते, अंगभूत असेल तर सगळंच जातं. मंजुरीच्या काळातही तेच: थ्रेडेड रायफल तुमची रीतसर तपासणी होऊन घरी येते आणि सप्रेसर एकटा दुकानात थांबतो. विकताना अंगभूत रायफलीला पुन्हा फॉर्म ४ लागतो. नोकरीमुळे कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, र्‍होड आयलंड, डेलावेअर किंवा हवाई इथे जायची वेळ आली तर सप्रेसर नेता येत नाही, म्हणजे ती रायफलही नाही.

मग अंगभूत कोणाला? ज्याच्याकडे वेगवेगळ्या रायफलींवर लावता येणारा एक सप्रेसर आधीच आहे आणि ज्याला झुडपांत वागवायला आटोपशीर रायफल हवी, त्याला. तोल चांगला असतो, आटे सैल होत नाहीत, आणि सप्रेसर काढ-घाल केल्यावर नेम सरकतो ती भानगड नाही. .३०० ब्लॅकआउटमध्ये तर ही रचना खरोखर पटते: ते काडतूस नऊ इंची नळीतही आपलं काम करतं, जड सबसॉनिक गोळ्या मिळतात, छिद्रांची गरजच नाही. .२२ मध्ये हौस भागवायचीच असेल तर रुगर कंपनीचा, १०/२२ टेकडाउन या दोन भागांत सुटणाऱ्या रायफलसाठीचा अंगभूत सप्रेसरवाला बॅरल (नळी) हा मधला मार्ग आहे. नोंदणी बॅरलची होते, उरलेली रायफल मोकळी राहते.

‘सायलेन्सर’ म्हणून पूर्ण शांततेची अपेक्षा ठेवू नका. उघडी .२२ रायफल सुमारे १४० डेसिबलला जाते, आणि क्षणिक आवाजासाठी कानाच्या धोक्याची रेघ साधारण तिथेच मानतात. चांगल्या सप्रेसरने ती १२० च्या खाली येऊ शकते. सेमी-ऑटोत बोल्टची खडखड उरतेच. शांततेलाच किंमत असेल तर बोल्ट-अॅक्शन, म्हणजे हाताने बोल्ट ओढायची रायफल.

फॉर्म भरण्याआधी एक ठरवा: नोंद स्वतःच्या नावावर की ट्रस्टच्या? स्वतःच्या नावावर असेल तर तुमच्या गैरहजेरीत पत्नीच्या ताब्यातही सप्रेसर ठेवता येत नाही. ट्रस्टमध्ये प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो लागतात, पण वापर सगळ्यांना मोकळा होतो. रायफल निवडताना १/२-२८ थ्रेड बघा, .२२ चे बहुतेक सप्रेसर त्यावर बसतात. पहिली गोळी झाडण्यापूर्वी रायफल रिकामी करून बोल्ट काढा आणि सप्रेसर लावून चेंबरकडून नळीत डोकवा. प्रकाशाचं वर्तुळ एका बाजूला कललेलं दिसलं तर तिथेच थांबा, थ्रेड वाकडे कापलेले असू शकतात.