ऑटिझम (स्वमग्नता) सुशिक्षित, सधन घरांतच जास्त असतो का?

नाही. सधन घरांत जास्त आढळते ते ऑटिझमचे निदान, आणि हा समज टिकून राहिला तो या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेल्या, ऑटिझम असलेल्या ११ मुलांचे पालक बहुतांशी उच्चशिक्षित होते, पण मुळात कॅनर यांच्यापर्यंत पोहोचू शकणारी कुटुंबेच त्या वर्गातली होती. अमेरिकेत पुढेही बराच काळ असेच चित्र दिसले. याउलट, उपचार जवळजवळ मोफत असलेल्या स्वीडनमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत प्रमाण काहीसे अधिक आढळले.

सोलापूरच्या पूर्व भागात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या आईचा तीन वर्षांचा मुलगा हाकेला वळून पाहत नाही, तासन्‌तास डब्याचे झाकण फिरवत बसतो. पण "त्याचे वडीलही उशिराच बोलले" असे घरातले म्हणतात आणि तपासणीला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा घरांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतच मोफत तपासणी होते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ऑटिझमसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही मिळते.