गृहकर्ज मंजूर झालं, आता एजंट एक टक्का मागतोय

प्रश्न : नाशिकमध्ये आम्ही रिसेलचा फ्लॅट घेतोय. एका एजंटमार्फत बँकेचं ४६ लाखांचं गृहकर्ज मंजूर झालं, सँक्शन लेटर हातात आहे. आता एजंट १ टक्का फी अधिक जीएसटी असे ५४,२८० रुपये मागतोय. गहाणाच्या नोंदीचा 'सरसाई चार्ज' म्हणून ३,५०० वेगळे. सुरुवातीला त्याने व्हॉट्सॲपवर '१% + जीएसटी लागेल, बँक आम्हाला काही देत नाही' असं लिहिलं होतं आणि मी 'ओके दादा' असं उत्तर दिलं होतं. मूळ साठेखत आणि सही केलेले दोन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. पैसे दिले नाहीत तर डिस्बर्समेंट (कर्जाची रक्कम सुटणं) अडवीन, सिबिल खराब करीन, असं म्हणतो. घरमालकांना महिनाअखेर पैसे द्यायचे आहेत. काय करावं?

उत्तर : तूर्त त्याला एक रुपयाही देऊ नका, आणि आजच्या आज त्या कोऱ्या चेकचा बंदोबस्त करा. तुमच्या प्रश्नात सगळ्यात धोक्याची गोष्ट फी नाही, ते चेक आहेत. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्याने नंतर रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच दिला होता असं कायदा सुरुवातीला गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या निकालात हे स्पष्ट केलं आहे. हे गृहीतक खोडून काढता येतं, पण ती जबाबदारी तुमच्यावर येते. नुसतं स्टॉप पेमेंट केल्याने चेक न वटल्याच्या फौजदारी खटल्याचा (परक्राम्य संलेख कायदा, कलम १३८) धोका टळत नाही. म्हणून बँकेला स्टॉप पेमेंटची सूचना द्या आणि त्याच दिवशी एजंटला ईमेलने व स्पीड पोस्टाने असं कळवा :

'चेक क्र. अमुक व तमुक हे सही केलेले कोरे चेक केवळ कर्जाच्या फाईलसाठी आपल्याकडे दिले होते. ते कोणत्याही देण्यापोटी दिलेले नाहीत. आपली फीची मागणी मला मान्य नाही. दोन्ही चेक व मूळ साठेखत तीन दिवसांत परत करावे. चेकवर रक्कम भरण्यास माझी संमती नाही.'

चेक भरला जाण्याआधी गेलेलं हे पत्र पुढे कोर्टात तुमच्या फार उपयोगी पडेल. तरीही चेक बाऊन्स होऊन नोटीस आलीच, तर ती बाजूला टाकू नका. मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

आता फीकडे वळू. हा माणूस बँकेचा की तुमचा, यावर सगळं अवलंबून आहे. शाखेत जा आणि एवढंच विचारा : 'आमची फाईल कोणत्या डीएसए कोडवर लॉगिन झाली?' (डीएसए म्हणजे कर्जाचे ग्राहक आणण्यासाठी बँकेने नेमलेला एजंट.) कोड त्याचा किंवा त्याच्या फर्मचा निघाला, तर तो बँकेने नेमलेला एजंट आहे आणि त्याचं कमिशन त्याला बँकेकडून मिळतं. इंडियन बँक्स असोसिएशनची डीएसएंसाठीची नमुना आचारसंहिता त्यांच्या माणसांना ग्राहकाकडून भेट किंवा लाच घ्यायला मनाई करते. रिझर्व्ह बँकेचे आउटसोर्सिंगचे नियमही हेच सांगतात की काम बाहेर दिलं तरी बँकेची जबाबदारी संपत नाही. म्हणजे 'आमचा त्याच्याशी संबंध नाही' असं म्हणून शाखेला हात झटकता येणार नाहीत.

'ओके दादा'चं काय? मेसेजवरूनही करार होऊ शकतो, त्यामुळे तो मेसेज अगदीच निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. पण बँकेकडून कमिशन घेणाऱ्याने 'बँक काही देत नाही' असं सांगून तुमचा होकार मिळवला असेल, तर ती फसवणूक किंवा चुकीचं निवेदन ठरतं आणि करार कायद्याच्या कलम १९ नुसार तो करार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. त्याचंच वाक्य तुमच्या बाजूचा पुरावा आहे. चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा.

कोड त्याचा नसेल आणि तो खरोखरच स्वतंत्र सल्लागार असेल, तर गोष्ट वेगळी. फी ठरली होती, काम झालं, मग वाजवी फी द्यावी लागू शकते. तेव्हाही साठेखत आणि चेक परत मिळाल्यावर, रीतसर बिल घेऊन, बँक ट्रान्सफरनेच द्या. ५४,२८० पैकी ८,२८० हा जीएसटी आहे. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी वसूल करता येत नाही, त्यामुळे बिलावर त्याचा नंबर हवा आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर तपासून घ्या.

सरसाईच्या ३,५०० बद्दल वाचून मात्र संताप आला. गहाणाची केंद्रीय नोंद करण्याचं हे शुल्क ५ लाखांवरच्या कर्जाला १०० रुपये अधिक कर एवढंच आहे, आणि ती नोंद बँक करते. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणारा माणूस शेवटच्या आठवड्यात घायकुतीला आलेला असतो, कशालाही हो म्हणतो. अशा आकड्यांची मागणी नेमकी तेव्हाच होते.

कर्जासाठी बँक तुमच्याकडून काय घेऊ शकते, हे 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला ते सक्तीचं आहे, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. त्यात शुल्काचे दोन रकाने असतात : बँकेला देय, आणि बँकेमार्फत तिसऱ्या पक्षाला देय. प्रोसेसिंग फी, लीगल, व्हॅल्युएशन, विमा, सगळं तिथे दिसलं पाहिजे. तिथे नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला लावता येत नाही. सरकारी मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाणाची दुय्यम निबंधकाकडे दिली जाणारी सूचना) फी यांच्या पावत्या वेगळ्या मागून घ्या.

डिस्बर्समेंट अडवण्याचा अधिकार एजंटला नाही. पैसे बँक सोडते, सँक्शन लेटरमधल्या अटी पूर्ण झाल्या की. उद्या स्वतः शाखेत जा, मॅनेजरना भेटा, यापुढे सगळा व्यवहार थेट शाखेशी करणार असं लेखी द्या आणि पोच घ्या. साठेखत लगेच हाती आलं नाही, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायला टाका. मूळ दस्तऐवज दाबून पैसे मागणं हा खंडणी आणि विश्वासघाताचा मामला होऊ शकतो (भारतीय न्याय संहिता, कलम ३०८ व ३१६). पत्राची मुदत उलटली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. घरमालकांनाही आताच विश्वासात घ्या आणि आठवडाभर मुदतवाढ लागली तर ती लेखी घ्या.

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सविस्तर ईमेल करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. हा मार्ग बँकेच्या कर्जाचा. हाउसिंग फायनान्स कंपनीविरुद्धची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

राहिली सिबिलची धमकी. कोणाही एजंटला क्रेडिट ब्युरोकडे तुमच्याविरुद्ध नोंद करता येत नाही. ती फक्त कर्ज देणाऱ्या संस्था करतात. मात्र त्याने तुमची फाईल एकाच वेळी चार ठिकाणी टाकली असेल, तर तितक्या चौकशा तुमच्या रिपोर्टवर दिसतील. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, या चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो काढा. संमती न देता झालेली चौकशी दिसली, तर ती करणारी संस्था आणि ब्युरो दोघांकडे तक्रार टाका. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते.