कात्रजचा पेशवेकालीन भुयारी नळ पुन्हा सुरू केल्यास पुण्याचा पाणीप्रश्न सुटेल का, आणि महापालिका तो सुरू का करीत नाही?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र पाण्यात सापडणार नाही. ते नळाच्या आणि आंबील ओढ्याच्या वरच्या जमिनीत शोधावे लागते.

मी कात्रजच्या परिसरात, महापालिकेत अलीकडे समाविष्ट झालेल्या एका गावात राहतो. पेशव्यांनी ज्या तलावातून वाड्यावर पाणी नेले, तो आमच्यापासून जवळच आहे आणि आमची सोसायटी मात्र टँकरवर जगते. एप्रिल-मे महिन्यांत रखवालदार रोज पहाटे जमिनीखालच्या टाकीत बांबू सोडतो, ओल कुठवर आली ते पाहतो आणि त्या दिवशी किती खेपा मागवायच्या ते वहीत लिहितो. त्यामुळे हा प्रश्न मलाही अनेकदा पडला होता.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी दगड-चुन्यातील भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणले गेले. पंप नाही, केवळ उतार. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळात उतरणारी उभी तोंडे, बांधलेले होते. त्यांतून हवा खेळत असे, शिवाय आत उतरून गाळही काढता येत असे. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे आज आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना वापरतो, ती या व्यवस्थेचीच आहेत. काम उत्तम होते यात शंका नाही, पण ते त्या काळच्या पुण्याच्या मापाचे होते. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातून शहर वर्षाला १५ टीएमसीहून अधिक पाणी उचलते. कात्रजचे तलाव काठोकाठ भरले तरी आजच्या शहराची आठवडाभराचीही गरज भागणार नाही. त्यातच आता तेथे भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी उतरते, म्हणजे ते पाणी पिण्याजोगेही राहिलेले नाही.

खरे राजकारण त्या २९ टीएमसीचे आहे. १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाचा कालवा हवेली, दौंड, इंदापूरकडील शेतीला पाणी देतो, आणि दरवर्षी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तन किती व केव्हा सोडायचे यावरून ओढाताण होते. शहर म्हणते, आमची लोकसंख्या वाढली; ग्रामीण आमदार म्हणतात, मंजूर कोट्यापेक्षा जास्त उचललेले पाणी आमच्या वाट्याचे आहे. त्यावर तोडगा म्हणून मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे पाणी उपसणारी विहीर, बांधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्यात सोडायचे ठरले, पण त्या पाण्याचा दर्जा काय, हा वाद मिटलेला नाही. या भांडणात दोन्ही बाजूंनी जो येतो तो धरणाच्या पाण्यावरच हक्क सांगतो. आपल्या हद्दीतील तलाव, ओढे आणि विहिरी राखण्याचे बंधन शहरावर घाला, असा आग्रह एकही पक्ष जोर लावून धरीत नाही, कारण तेथे हात घातला की बांधकामाला हात लागतो.

आंबील ओढा हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. हा ओढा कात्रजकडूनच येतो. पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. 'तळ्यातला गणपती' त्याच तळ्यातला, आणि त्याच जागी आज सारसबाग आहे. पुढे ओढ्याचे पात्र दोन्ही काठांनी आवळत गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस त्या आवळलेल्या पात्रातून खाली आला, अरण्येश्वर परिसरात भिंती कोसळल्या आणि शहर व परिसरात २० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्यालगतच्या झोपड्या पाडायला यंत्रे पोहोचली, न्यायालयाने स्थगिती दिली. काठाला खेटून परवानगीनिशी उभ्या राहिलेल्या इमारती मात्र आहेत तेथेच आहेत. कोणाचे अतिक्रमण आधी दिसते, हेही पाण्याचे राजकारणच आहे.

जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होताना आणखी एक गोष्ट विसरू नये. हौद सार्वजनिक दिसत असले तरी ते सर्वांचे नव्हते. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना इतकी मोठी ठरावी, यातच बाकीच्या हौदांची कहाणी आली. त्यामुळे 'पारंपरिक जलव्यवस्थेचे पुनरुज्जीवन' म्हटले की मी आधी विचारतो, पाणी कोण भरणार?

मग करण्याजोगे काय आहे? तलावात येणारे सांडपाणी अडवणे, नळाचा मार्ग व शिल्लक उच्छ्वास विकास आराखड्यावर नोंदवून तेथे पाया खणायला मनाई करणे, आणि हे पाणी पिण्याऐवजी उद्याने व बांधकामासाठी वापरणे, इतके निश्चित जमू शकते. त्याने धरणावरचा भार किंचित हलका होईल, पण पावसाळ्यात ओढ्याला श्वास घेता येईल, हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. हे होत नाही, कारण नळाच्या मार्गावर भूखंड आहेत आणि टँकरच्या खेपांवर अनेकांची रोजची कमाई आहे. आमच्याच सोसायटीत पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाचा खड्डा कागदोपत्री होता; दोन वर्षांपूर्वी झाकण उघडले तेव्हा गच्चीवरून आलेला पाइप मातीत चार बोटे जाऊन संपलेला दिसला. आम्ही वर्गणी काढून खडी-वाळूचा थर भरला आणि तो पाइप जुन्या बोअरला जोडला. टँकर बंद झालेला नाही, परंतु जुलै ते डिसेंबर या काळात वहीतील खेपा निम्म्यावर आल्या आहेत.