एका पानावर चार आलेख

(कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत; टाइप करताना त्या रोमन लिपीत कराव्यात.)

प्रश्न : आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘एअरक्वालिटी’ डेटावर सराव करते आहे. मे ते ऑगस्ट या चार महिन्यांच्या तापमानाचे आलेख एकत्र हवेत, म्हणून पार(एमएफरो = सी(2, 2)), म्हणजे दोन ओळी आणि दोन स्तंभ, असं दिलं. कधी ‘फिगर मार्जिन्स टू लार्ज’ असा एरर येतो, आणि आलेख आलेच तर अक्षरं बारीक दिसतात. माझं काय चुकतंय?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : तुमची कमांड बरोबर आहे, घोळ समासांचा आहे. काही सांगितलं नाही, तर आर प्रत्येक आलेखाभोवती खाली 5.1, डावीकडे 4.1, वर 4.1 आणि उजवीकडे 2.1 ओळींची जागा मोकळी सोडते. चार आलेखांत ही जागा चारदा जाते. आरस्टुडिओतली (आर वापरायच्या सॉफ्टवेअरमधली) प्लॉटची चौकट लहान असेल, तर समास सोडून आलेखाला काही उरतच नाही आणि तो एरर येतो. चौकटीची कड ओढून ती मोठी केली की तात्पुरतं भागतं. खरा उपाय समास कमी करण्याचा : पार(एमएफरो = सी(2, 2), मार = सी(4, 4, 2, 1)). आकडे खालच्या बाजूपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचायचे.

अक्षरं आर स्वतःहून लहान करते. दोन-दोनच्या मांडणीत ती मूळ आकाराच्या 0.83 पट होतात, तीन किंवा जास्त ओळी वा स्तंभ केले तर 0.66 पट. नंतर पार(सीईएक्स = 1) दिलं की ती पूर्ववत होतात. मात्र समास ‘ओळीं’त मोजले जात असल्याने अक्षरांबरोबर तेही फुगतात, हे धरून चाला.

तुम्ही विचारलं नाही, पण याहून महत्त्वाची गोष्ट उभ्या अक्षाची आहे. हा डेटा न्यूयॉर्कचा, 1973 सालच्या मे ते सप्टेंबरचा. मे महिन्यात तापमान 56 ते 81 अंश फॅरनहाइट आहे, ऑगस्टमध्ये 72 ते 97. दोन्हींचा पसारा नेमका 25 अंशांचा! आर प्रत्येक आलेखाचा अक्ष त्याच्या त्याच्या आकड्यांवरून ठरवते. त्यामुळे दोन्ही महिन्यांचे ठिपके चौकटीत तळापासून माथ्यापर्यंत सारखेच पसरतात आणि मे व ऑगस्ट सारखेच गरम भासतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या चित्रांत वाचक आधी उंची बघतो, अक्षावरचे आकडे नंतर. म्हणून चारही प्लॉटमध्ये उभ्या अक्षाची एकच मर्यादा, वायलिम = सी(55, 100), द्याच.

फाइल करताना आधी पीएनजी(), मग पार(), मग चारही प्लॉट आणि शेवटी डेव्ह.ऑफ(). पार आधी दिलं, तर ते पडद्यावरच्या खिडकीला लागतं. फाइल हे आरच्या लेखी नवं डिव्हाइस (आलेख काढायची वेगळी जागा) असल्याने तिच्यात त्यातलं काहीच उतरत नाही. पीएनजी मुळात 480 बाय 480 पिक्सेलची बनते, चार आलेखांना ती फार तोकडी. रुंदी-उंची 2000 आणि रेझोल्यूशन 250 ठेवा.

प्रश्न : आलेखांसाठी आरचं जीजीप्लॉट2 हे पॅकेज वापरतो. त्यात पार(एमएफरो) दिलं तरी आलेख एकामागून एक वेगळेच येतात. असं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पार ही आरच्या मूळ ग्राफिक्सची कमांड. जीजीप्लॉट2 ‘ग्रिड’ या वेगळ्या यंत्रणेवर उभं आहे, ते पारकडे बघतच नाही.

एकाच डेटाचे महिनावार तुकडे हवे असतील, तर फॅसेट_रॅप(~ मंथ) पुरे. यात सगळे अक्ष आपोआप समान राहतात, म्हणून तुलनेसाठी आम्ही हेच सुचवू. स्केल्स = "फ्री_वाय" दिलं, की वर सांगितलेला मे-ऑगस्टचा घोटाळा परत येतो.

आलेख निरनिराळ्या जातीचे असतील, तर पॅचवर्क पॅकेज घ्या. आलेखांना पी1, पी2 अशी नावं देऊन पी1 | पी2 लिहिलं की ते शेजारी बसतात, पी1 / पी2 लिहिलं की एकाखाली एक. (पी1 | पी2) / पी3 मध्ये वर दोन येतात आणि खाली एक पूर्ण रुंदीचा. त्याच त्या रंगसूच्या (लेजंड) प्रत्येक आलेखाशेजारी आल्या, तर प्लॉट_लेआउट(गाइड्स = "कलेक्ट") जोडा; त्या एकत्र येऊन एकच सूची राहते. त्यासाठी सूचीचं शीर्षक आणि रंग सगळीकडे तंतोतंत सारखे लागतात. एकात ‘महिना’ आणि दुसऱ्यात ‘मंथ’ असलं, तर सूच्या दोनच राहतील.

फॉर लूपमध्ये आलेख बनवत असाल, तर प्रत्येकाला प्रिंट() लावा. एरवी लूप मुकाट्याने संपतो आणि पडद्यावर काहीच येत नाही.