फक्त थकलेल्या अलीला हरवून लॅरी होम्स मोठा झाला का?

प्रश्न असा होता: मुहम्मद अलीनंतर आणि माइक टायसनच्या आधी हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाच्या बॉक्सिंगमध्ये दमदार कोणी नव्हतंच, लॅरी होम्सनं थकल्याभागल्या अलीला हरवलं आणि त्या एका विजयावर त्याचं नाव झालं, हे बरोबर आहे का?

माझ्या मते साफ चूक. त्या विजयानं होम्सचं भलं होण्याऐवजी नुकसानच जास्त झालं. ती लढत त्याच्या नावावरून वजा केली तरी सर्वकाळच्या पहिल्या पाच-सहा हेवीवेटमध्ये मी त्याला बसवेन.

आधी तारखा बघा. ९ जून १९७८ ला लास व्हेगासमध्ये केन नॉर्टनला हरवून होम्सनं डब्ल्यूबीसीचा (जागतिक विजेतेपद देणाऱ्या संघटनांपैकी एक) किताब घेतला. अलीशी गाठ पडली २ ऑक्टोबर १९८० ला, आणि तोवर होम्सनं किताब सात वेळा राखलेला होता. त्यामुळे अलीला हरवून तो विजेता झाला, हेच मुळात खरं नाही. अली त्याच्याकडून किताबाचा पट्टा घ्यायला निवृत्ती मोडून परत आला होता.

नॉर्टनची लढत ज्यांनी बघितली नसेल त्यांनी निदान तिचा पंधरावा राउंड बघाच. सरावात होम्सच्या डाव्या हाताचा स्नायू दुखावला होता, आणि त्याचा सगळा खेळ त्या डाव्या हातावर. चौदा राउंडनंतर तीनही परीक्षकांच्या कागदावर बरोबरी होती. अख्खी लढत शेवटच्या तीन मिनिटांवर आली. सुरुवातीला नॉर्टन त्याला रेटत होता, मग होम्स उलटून आला, आणि घंटा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही मागे हटायला तयार नव्हता. निकाल १४३-१४२, १४३-१४२ होम्सच्या बाजूनं आणि तिसऱ्या परीक्षकाचा १४३-१४२ नॉर्टनच्या बाजूनं. याहून निसटता निकाल काय असणार?

आता होम्सच्या जॅबबद्दल, म्हणजे पुढच्या हातानं सरळ मारलेल्या झटपट ठोशाबद्दल. डावा हात बराच खाली, कधी कधी कमरेपाशी. तिथून तो सरळ समोरच्याच्या तोंडावर जातो आणि गेला तसाच परत येतो, मारण्याआधी खांदा हलल्याचंही दिसत नाही. समोरचा पुढे यायला पाऊल उचलतो आणि नेमका त्याच क्षणी खातो, त्यामुळे त्याची लयच बसत नाही. असे दहा-बारा खाऊन नजर डाव्या हातावर खिळली की वरून उजवा येतो. जुन्या विजेत्यांपैकी जो लुईचा जॅब जड होता, सनी लिस्टनचा तर जवळजवळ घणच, पण पंधरा राउंडभर अचूकतेनं आणि सातत्यानं मारलेला जॅब बघायचा तर होम्सचाच. इथं अलीचे चाहते माझ्याशी भांडतील, भांडू देत.

हे तो शिकला कुठे? पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा, सातवीतच शाळा सोडून गाड्या धुण्याच्या कामाला लागलेला मुलगा. पुढे डिअर लेकच्या अलीच्या सराव कॅम्पमध्ये तो त्याचा स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावात समोर लढणारा जोडीदार झाला. अलीच्या ठोशानं डोळा काळानिळा झाला तेव्हा त्यानं त्यावर बर्फ लावू दिला नाही, कारण घरच्यांना आणि मित्रांना तो दाखवायचा होता. इतकं त्याचं अलीवर प्रेम होतं.

म्हणूनच १९८० ची लढत बघवत नाही. अली ३८ वर्षांचा. त्याच वर्षी जानेवारीत तो भारतात येऊन गेला होता, आपल्याकडच्या मागच्या पिढीला ते आठवत असेल. थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेलं, त्यामुळे शरीर वरून सुडौल पण आतून रिकामं. दहाच्या दहा राउंड होम्सचे. होम्स मध्येच हात आवरता घेतो, रेफ्रीकडे बघतो, लढत थांबवा असं त्याची नजर सांगत असते. दहाव्या राउंडनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं त्याला उठू दिलं नाही. अलीची लढत वेळेआधी थांबवावी लागली ती आयुष्यात एवढी एकदाच. नंतर होम्स रडला. लोकांनी मात्र त्याला कधी माफ केलं नाही.

‘समोर कोणी नव्हतं’ हाही आक्षेप तपासून बघा. सप्टेंबर १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सच्या उजव्या हातानं सातव्या राउंडमध्ये तो आडवा झाला. तो ठोसा खाऊन बहुतेक जण उठलेच नसते. होम्स उठला, तो राउंड तगून काढला आणि अकराव्यात शेव्हर्सची लढत थांबवायला लावली. १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्सविरुद्धही तेच: सातव्यात पडला, अकराव्यात जिंकला. जून १९८२ मध्ये जेरी कूनीविरुद्ध प्रवर्तकांनी गोरा विरुद्ध काळा असा इतका विखार पसरवला की विजेता कोण आणि आव्हानवीर कोण, हेच लोक विसरले. होम्सनं तेराव्या राउंडमध्ये निकाल लावला. पुढे ते दोघं चांगले मित्र झाले, हे मला फार आवडतं.

मात्र टीका करायचीच तर १९८३ नंतरच्या काळावर करा. टिम विदरस्पूनविरुद्ध तो जेमतेम वाचला, आणि नंतर डब्ल्यूबीसीचा किताब सोडून आयबीएफ या नव्या संघटनेच्या किताबावर लढत राहिला. पिंकलॉन थॉमस, ग्रेग पेज अशा तेव्हाच्या तगड्या आव्हानवीरांशी लढत झालीच नाही. हा डाग खरा आहे.

२१ सप्टेंबर १९८५ ला ४८-० (४८ विजय, हार एकही नाही) वर असताना तो मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. एकदाही न हरता निवृत्त झालेला जुना विजेता रॉकी मार्सियानो याच्या ४९-० ची बरोबरी एका लढतीनं हुकली, तीही मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी. रागाच्या भरात तो मार्सियानोबद्दल नको ते बोलला. त्यानं नंतर माफी मागितली, पण बोलायचं ते बोलून गेला होता. वर्तमानपत्रांना तेवढंच पुरलं. सात वर्षांत वीस वेळा किताब राखला होता, हेवीवेटमध्ये सलग किताब राखण्यात त्याच्या पुढे फक्त २५ वेळा राखणारा जो लुई, पण हे मागे पडलं. स्पिंक्सशी दुसरी लढत १९८६ मध्ये झाली, ती होम्सनं जिंकली असं माझं आजही मत आहे. निकाल विभागून विरुद्ध गेला.

१९८८ मध्ये टायसननं चौथ्या राउंडमध्ये त्याला पाडलं, त्याचे दाखले सगळेच देतात. ७५ लढतींत होम्स नॉकआउट झाला तो तेवढाच, तोही जवळपास दोन वर्षं घरी बसून आल्यावर.

तुम्हाला एकच लढत बघायची असेल तर नॉर्टनची बघा. दुसरीला वेळ असेल तर फेब्रुवारी १९९२ ची रे मर्सरविरुद्धची. मर्सर ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता, तोवर अपराजित. होम्स ४२ वर्षांचा, पायांत पूर्वीची चपळाई नाही, म्हणून मुद्दाम दोरांना पाठ टेकून उभा राहतो, मर्सरला अंगावर येऊ देतो आणि आत आला की टिपतो. मध्येच कॅमेऱ्याकडे बघून बोलतोसुद्धा. बारा राउंड, गुणांवर विजय. ती बघून झाली की त्याच्या जॅबबद्दल काय वाटलं ते इथं लिहा.